संस्थेचं सूत्र घेतलं म्हणजे माशांचं खाद्य तयार झालं का?

प्रश्न असा आहे. उजनीच्या फुगवट्याकाठची एक शेतकरी उत्पादक कंपनी. सभासदांकडे पिंजरे आहेत, काहींची शेततळी आहेत, मासा तिलापिया आणि पंगस. तरंगतं खाद्य आंध्रातून नाहीतर छत्तीसगडमधून येतं आणि एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा त्यातच जातो. एका सरकारी संशोधन संस्थेने खाद्याचं सूत्र परवान्यावर देऊ केलंय. तर ते घेऊन मिनी मिल टाकावी का, देशात इतकं संशोधन होऊनही संस्थांचं खाद्य दुकानात का दिसत नाही, आणि अळ्यांच्या पिठाचं काय?

आधी उत्तर देतो, मग कारणं. परवाना घ्या, पण मिल तूर्त थांबवा. पहिला हंगाम दुसऱ्याच्या मिलमधून जॉब वर्कवर, म्हणजे मजुरी देऊन, माल काढून घ्या आणि तो तुमच्याच पिंजऱ्यांत, आत्ता वापरता त्या कंपनीच्या खाद्याच्या शेजारी चालवून बघा. करार करताना सूत्र जितक्या उत्साहाने मागाल त्याच्या दुप्पट उत्साहाने सूत्रामागचे आकडे मागा. सूत्र हा या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर शिळा होणारा भाग आहे.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

संस्थांचं संशोधन बाजारात येतच नाही, हे खरं नाही. येतं, पण ठरावीक जागी येतं. भुवनेश्वरच्या 'सिफा' या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या संशोधन संस्थेने कार्पच्या प्रजननक्षम माशांसाठी 'सिफाब्रूड' नावाचं खाद्य काढलं, ते परवान्यावर गेलं. कोचीच्या 'सीएमएफआरआय' या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने समुद्री शोभिवंत माशांसाठी 'कडलमीन वर्णा' आणलं. दोन्हींत साम्य काय? माल थोडा, किलोमागे किंमत भरपूर, आणि गिऱ्हाईक जाणकार. हॅचरीवाल्याला प्रजनकांच्या खाद्याचा गुण एका हंगामात दिसतो, आणि चार रुपये जास्त द्यायला तो कां कूं करत नाही.

मासा बाजारात जाईपर्यंत घालायचं खाद्य याच्या अगदी उलट. टनांवर टन माल, किलोमागे नफा काही रुपयांचा, आणि गिऱ्हाईक उधारीवर. तिथे संस्थेचं सूत्र घेऊन कोणी का उतरत नाही, हे कोळंबीच्या उदाहरणावरून नीट कळतं. व्हॅनामी कोळंबीला आपल्याकडे २००९ मध्ये व्यावसायिक परवानगी मिळाली आणि आंध्रात तिची लाट आली. खाद्य मात्र मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हातात राहिलं. अवंतीसारख्या कंपनीमागे थाय युनियनचं तंत्र आणि भांडवल, सीपी तर मुळातच थायलंडची. चेन्नईच्या 'सीबा' या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या संस्थेने देशी कच्च्या मालावर 'वनामी प्लस' तयार केलं आणि ते एकाच बड्या कंपनीला न देता लहान लहान उत्पादकांना दिलं. हा निर्णय माझ्या मते अचूक होता. मोठ्या कंपनीकडे स्वतःचे पोषणतज्ज्ञ असतात, तिला संस्थेची पाककृती कशाला हवी? लहान मिलवाल्याकडे पोषणतज्ज्ञ नसतो, त्यामुळे सूत्र आणि त्यासोबतचं मार्गदर्शन या दोन्हींचा त्याला उपयोग होतो. पण त्याच लहान मिलवाल्याकडे कच्चा माल आगाऊ भरून ठेवायचा पैसा नसतो, आणि विक्रेत्याला चार महिने उधार द्यायची ताकदही नसते. हे संशोधकाच्या हातातलं नाही. संशोधन सरस असूनही बाजारात त्याचा वाटा छोटाच राहतो तो इथे.

आता तुमच्या खाद्याकडे येऊ.

पोत्यावर २८/४ लिहिलेलं असतं, म्हणजे २८ टक्के प्रथिनं आणि ४ टक्के स्निग्ध. तिलापिया आणि पंगस हे काही सालमन नव्हेत, त्यांना मासळीच्या कुटीवर, म्हणजे वाळवून दळलेल्या माशांच्या पिठावर, वाढवायची गरज नाही. मुख्य प्रथिन सोयापेंडीतून येतं, बाकी तेल काढलेला भाताचा कोंडा, मोहरीची पेंड, तुकडा तांदूळ, मका, थोडी कुटी किंवा मांस-हाडांचं पीठ, आणि जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण. संस्था तुम्हाला देईल ते यातल्या प्रत्येकाची टक्केवारी सांगणारं एक पान. ज्या दिवशी ते लिहिलं गेलं त्या दिवशीच्या बाजारभावाला ते पान उत्तम असतं.

मग २०२१ चा उन्हाळा-पावसाळा आठवा. लातूर, इंदूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं. कुक्कुटपालकांच्या ओरड्यानंतर केंद्राने ऑगस्टमध्ये जनुकबदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला मुभा दिली. शेतकऱ्यांचा त्याला विरोध झाला, तो वेगळा विषय. त्या काही महिन्यांत ज्याने कागदावरचं सूत्र जसंच्या तसं चालवलं तो पोत्यामागे तोट्यात गेला. आणि २०२४ मध्ये तेच सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खाली लोळत होतं. यामागे एक कारण तुमच्या आसपासच आहे. इथेनॉलसाठी धान्याच्या डिस्टिलऱ्या वाढल्या आणि त्यांचा उरलेला चोथा, म्हणजे डीडीजीएस, पशुखाद्याच्या बाजारात स्वस्तात ओतला गेला. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं. सोयापेंडीच्या जवळपास, आणि दर कमी. मोह होणारच.

पण त्या ४५ टक्क्यांतलं माशाच्या अंगी किती लागतं? लायसिन, म्हणजे माशाला खाद्यातूनच मिळावं लागणारं अमिनो आम्ल, किती शिल्लक आहे? डिस्टिलरीने चोथा वाळवताना करपवला असेल तर लायसिन गेलंच. आणि धान्यात बुरशीचं विष असेल तर स्टार्च आंबवून निघून गेल्यावर ते चोथ्यात साधारण तिप्पट होऊन बसतं. या प्रश्नांची उत्तरं सूत्राच्या पानावर नसतात. ती पचनीयतेच्या तक्त्यात असतात. कंपन्यांचे पोषणतज्ज्ञ दर आठवड्याला ज्यावर सूत्र बदलतात तो हाच तक्ता. सर्वात कमी खर्चाचं सूत्र संगणक काढून देतो, ते सॉफ्टवेअर स्वस्तात मिळतं. त्यात भरायचे आकडे मिळत नाहीत.

हे आकडे काढायचे कसे, याची पद्धत जुनी आणि पक्की आहे. ७० टक्के प्रमाणित खाद्य, ३० टक्के तपासायचा घटक, त्यात क्रोमिक ऑक्साइडसारखा न पचणारा खुणेचा पदार्थ. मासे काही दिवस त्यावर ठेवायचे, विष्ठा गोळा करायची, आणि खुणेच्या पदार्थाशी ताडून प्रत्येक पोषकद्रव्य किती पचलं ते काढायचं. काम किचकट आहे, पाण्यात विरघळण्याआधी विष्ठा गोळा करणं ही तर खरी कसोटी, पण त्यात काही गूढ नाही. आपल्याकडे अडतं ते समन्वयापाशी. दर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी 'नवा' घटक हवा असतो. कोणी शेवग्याचा पाला घेतो, कोणी अझोला, कोणी चिंचोक्याचं पीठ. प्रत्येकाचं मूळ खाद्य वेगळं, माशाचं वजन वेगळं, पाण्याचं तापमान वेगळं. शंभर निबंध छापून येतात आणि ते एकमेकांना जोडता येत नाहीत. ज्या सोयापेंडीवर आणि कोंड्यावर अख्खा धंदा उभा आहे तिचा लातूरच्या पाच वेगवेगळ्या प्लांटमधला फरक मात्र कोणी मोजलेला नसतो, कारण त्यात नवीन काही नाही आणि ते छापलं जात नाही.

यावर इतरांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियाने १९९० च्या दशकात त्यांच्या मत्स्य संशोधन महामंडळाच्या छत्राखाली खाद्यविकासाचा एक उपकार्यक्रम चालवला. राज्यांची मत्स्यखाती, 'सीएसआयआरओ' ही राष्ट्रीय संशोधन संस्था, विद्यापीठं आणि खाद्य कंपन्या एका टेबलावर आल्या. सिल्व्हर पर्च, बारामुंडी, कोळंबी असे मोजके प्राणी ठरले, आणि देशात पिकणाऱ्या ल्युपिन, कॅनोला, मांसपीठ यांची पचनीयता एका पद्धतीने मोजली गेली. त्याच परंपरेतून पुढे 'सीएसआयआरओ'ने समुद्री सूक्ष्मजीवांपासून 'नोव्हाक' नावाचा कोळंबीच्या खाद्यातला घटक विकसित केला. त्याला दहाएक वर्षं लागली, आणि २०१३ च्या सुमारास रिडली या कंपनीला त्याचा परवाना गेला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: परवाना घेणाऱ्या कंपनीला सूत्र मिळालं तरी तो घटक मोठ्या प्रमाणावर तयार करण्यासाठी पुन्हा कित्येक वर्षं खर्ची घालावी लागली. प्रयोगशाळेतून टनावर जाणं हा वेगळाच धंदा आहे.

नॉर्वेने पैशाचा प्रश्न सोडवला. सागरी उत्पादनांच्या निर्यातमूल्यावर ०.३ टक्के उपकर, तो थेट उद्योगाच्या संशोधन निधीत, आणि काय तपासायचं ते ठरवताना उद्योगाचं म्हणणं ऐकलं जातं. सालमनच्या खाद्यात १९९० मध्ये मासळीची कुटी आणि तेल मिळून जवळजवळ ९० टक्के होतं, २०१३ पर्यंत ते ३० टक्क्यांवर आलं, २०२० मध्ये सुमारे २२ वर. एका संस्थेच्या एका शोधाने हे झालेलं नाही. अनेक कंपन्या आणि संस्था वर्षानुवर्षं एकाच दिशेने काम करत होत्या. (अर्थात कुटीची जागा बरीचशी ब्राझीलच्या सोयाने घेतली, म्हणजे परावलंबन पेरूहून उठून ब्राझीलला गेलं. पण निदान ते हिशोब करून गेलं.)

आपल्याकडे असं काही नव्हतंच असं नाही. १९४० चा कृषी उत्पादन उपकर कायदा होता, निर्यातीवरच्या त्या उपकरातून भारतीय कृषी संशोधन परिषदेचे प्रकल्प चालायचे. २००६ मध्ये तो रद्द झाला. नंतर परिषदेने मत्स्यखाद्यावर अनेक संस्थांना जोडणारा एक प्रकल्पही राबवला. संस्था एकत्र येतात, अहवाल निघतात, पण टेबलावर मिलवाला नसतो आणि सोयापेंड काढणारा तर कधीच नसतो. म्हणून माझं तुम्हाला सांगणं आहे की दिल्लीची वाट बघू नका. सोयापेंड काढणारे प्लांट लातूर-सोलापूर पट्ट्यात आहेत. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तेही लातूर जिल्ह्यातच. मुंबईत वर्सोव्याला 'सीआयएफई' ही केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून आहे. तीन-चार उत्पादक कंपन्या मिळून तुम्ही जर दर तिमाहीला त्याच पाच प्लांटचे नमुने, त्याच पद्धतीने तपासायला दिले आणि त्याचा खर्च वाटून घेतला, तर दोन वर्षांत तुमच्या हातात असा तक्ता येईल जो कोणत्याही परवान्यापेक्षा मोलाचा असेल. विद्यार्थ्याला प्रबंध मिळेल, तुम्हाला आकडे मिळतील. निबंध छापायला हरकत घेऊ नका. आकडे स्पर्धकालाही दिसतील म्हणून लपवण्यात अर्थ नाही. तुमचा भाव, तुमचं अंतर आणि तुमचा पुरवठादार त्याच्याकडे नाही.

तोवर साध्या तपासण्या तरी करा. सोयापेंड कच्ची राहिली तर तिच्यातलं ट्रिप्सिनरोधक द्रव्य माशाचं पचन अडवतं, जास्त भाजली गेली तर लायसिन जळतं. पहिल्यासाठी युरिएजची तपासणी, दुसऱ्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधली प्रथिनांची विद्राव्यता, ती साधारण ७५ ते ८५ टक्क्यांत बसली पाहिजे. दोन्ही तपासण्या मिलच्या छोट्या खोलीतही होतात. कुटी घेत असाल तर नुसत्या 'क्रूड प्रोटीन'वर पैसे मोजू नका. ती तपासणी नत्र मोजते आणि ६.२५ ने गुणते, नत्र कुठून आलं ते तिला कळत नाही. युरियात ४६ टक्के नत्र. शंभर किलो कुटीत एक किलो युरिया मिसळला की कागदावर जवळपास २.९ टक्के 'प्रथिन' वाढतं. वाळू आणि मीठ ही तर जुनी दुखणी. आम्लात न विरघळणारी राख तपासली की वाळू सापडते.

प्रक्रियेबद्दल थोडक्यात, कारण हे मशीनवाला तुम्हाला हवं त्याहून जास्त सांगेल. प्रयोगशाळेतलं खाद्य बहुतेक वेळा शेवयांच्या यंत्रासारख्या साच्यातून थंडच काढतात आणि साठ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवतात. तुमच्या एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे तरंगता दाणा काढणाऱ्या यंत्रात, तेच मिश्रण ११० ते १५० अंशांतून, दाबाखाली, वाफेत जातं. साधं क जीवनसत्त्व तिथे मोठ्या प्रमाणात नष्ट होतं, म्हणून फॉस्फेट जोडलेलं टिकाऊ क जीवनसत्त्व वापरावं लागतं. ते महाग असतं आणि संस्थेच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात कधी कधी नसतं, विचारून घ्या. दाणा तरंगायचा तर मिश्रणात पुरेसं स्टार्च लागतं, वीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सूत्रात पेंड वाढवायला एक नैसर्गिक मर्यादा आहे, आणि बुडणाऱ्या खाद्याचं सूत्र तरंगत्या खाद्याला चालत नाही. दळण बारीक नसेल तर दोन मिलिमीटरचा दाणा निघतच नाही, साचा तुंबतो. जॉब वर्कचा आग्रह मी धरतो त्याचं हेही कारण: दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याच्या कुशल कामगाराच्या हाताखाली तुमचं सूत्र कसं वागतं ते पैसे न अडकवता कळतं.

आता चाचणीबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. बहुतेक प्रकल्प इथेच आंधळे होतात.

संस्थेने तुम्हाला दाखवलेले निकाल बहुधा टाकीतले असतील. दोन-पाच ग्रॅमची बोटुकली, साठ दिवस, स्वच्छ पाणी. तुम्हाला मासा अर्धा किलो, किलोपर्यंत न्यायचाय. किंवा मग निकाल तळ्यातले असतील, आणि तळ्यातले निकाल त्याहून फसवे. खत घातलेल्या तळ्यात मासा प्लवंग खातो, तळाचे किडे खातो. जीवनसत्त्वं, खनिजं, काही अमिनो आम्लं त्याला तिथून फुकट मिळतात. त्यामुळे बरं खाद्य आणि बेताचं खाद्य यांतला फरक तळ्यात झाकला जातो. पिंजऱ्यात तसं नाही. धरणाच्या पाण्यात दाटीने ठेवलेल्या माशाला तुम्ही टाकाल तेच अन्न. अमेरिकेत १९७० च्या दशकात चॅनेल कॅटफिश दाटीने आणि पिंजऱ्यांत वाढवायला लागल्यावर कण्याचे वाकडे मासे दिसू लागले, कारण निघालं क जीवनसत्त्वाची कमतरता. तळ्यातल्या माशांना त्याच खाद्यावर काही होत नव्हतं. तुमच्या सभासदांकडे दोन्ही आहेत, तेव्हा शेततळ्यातला निकाल बघून पिंजऱ्यासाठी निर्णय घेऊ नका. उलटं केलं तर चालेल.

चाचणी अशी करा. दोन खाद्यं, प्रत्येकी निदान तीन पिंजरे. एकाच हॅचरीचं, एकाच दिवसाचं बीज. सगळे नव्या खाद्याचे पिंजरे वाऱ्याच्या बाजूला आणि जुन्याचे आडोशाला असं होऊ देऊ नका, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा. खाद्य कोऱ्या पोत्यांत भरा, पोत्याला फक्त रंगाची खूण. खाद्य टाकणाऱ्या पोरांना कोणतं कुठलं ते माहीत नसावं. माहीत असलं की हात सैल-आखडता होतोच, त्यात त्यांचा दोष नाही. पंधरवड्याला वजनं, रोजची मर नोंदवहीत. आणि चाचणी डिसेंबर-जानेवारी ओलांडून गेली पाहिजे. पाणी गार झालं की तिलापिया तोंड आखडतो, त्या काळात पाण्यात वाया गेलेलं खाद्य शेवटच्या हिशोबात मोठं दिसतं. शेवटी नुसतं वजन बघून थांबू नका. मासा कापा. पोटातली चरबी किती, मांस किती निघालं ते तोला. पंगसचं मांस पिवळं पडलंय का ते बघा. मका आणि मक्याचा डीडीजीएस जास्त झाला की पिवळेपणा येतो, आणि व्यापारी किलोमागे भाव तोडतो. ही गोष्ट कोणत्याही संस्थेच्या अहवालात मला ठळकपणे दिसलेली नाही, पण बाजारात पहिला प्रश्न तोच येतो.

हिशोब किलोभर खाद्याचा करू नका, किलोभर माशाचा करा. नमुन्यादाखल: ४४ रुपयांचं खाद्य आणि रूपांतर गुणोत्तर (किलोभर माशाला लागणारं खाद्य) १.७, म्हणजे माशाच्या किलोमागे सुमारे ७५ रुपये. ४८ रुपयांचं खाद्य आणि गुणोत्तर १.४, म्हणजे ६७. महाग पोतं स्वस्त पडलं. पण मिल टाकून बसलेल्या माणसाला हे गिऱ्हाइकाला पटवावं लागतं, आणि गिऱ्हाईक पोत्याचा भाव विचारतो. तुमचे गिऱ्हाईक तुमचेच सभासद आहेत. तुमची खरी जमेची बाजू ही आहे, संस्थेचं सूत्र नव्हे.

पैशांच्या दोन गोष्टी. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत रोज २ टनांच्या मिनी मिलला ३० लाखांचा प्रकल्पखर्च धरलेला आहे, त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान. ३० लाखांत इमारत, एक्स्ट्रूडर, ड्रायर, बॉयलर आणि वीजजोडणी बसवून दाखवणारे सल्लागार तुम्हाला भेटतील. त्यांना खेळत्या भांडवलाचा रकाना दाखवायला सांगा. सोयापेंड रोखीने येते, मासा विकून पैसे यायला काही महिने जातात. मधली तफावत कोण भरणार? कंपनीचा विक्रेता सभासदाला उधार देतो आणि बहुधा मासाही तोच उचलतो, तुम्हाला त्याच्याशी झुंजायचंय. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मत्स्यव्यवसायालाही मिळतं. सभासदांची कार्डं आधी करून घ्या, म्हणजे ते तुमच्याकडून खाद्य रोखीने घेऊ शकतील. दुसरी गोष्ट जीएसटीची. माशांच्या खाद्यावर कर शून्य आहे. ऐकायला बरं वाटतं, पण विक्रीवर कर नसल्यामुळे यंत्रावर, पोत्यांवर, काही घटकांवर भरलेला कर तुम्हाला वजा मिळत नाही. तो खर्चातच जातो. प्रकल्प अहवालात तो धरलाय का ते तपासा.

करारात काय मागायचं? भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांकडे तंत्रज्ञान व्यवस्थापन कक्ष असतो. काही व्यवहार 'ॲग्रीइनोव्हेट इंडिया' या २०११ मध्ये नोंदवलेल्या सरकारी कंपनीमार्फत होतात. परवाना बहुतेक अनन्य नसतो, म्हणजे तोच इतरांनाही मिळेल. त्याबद्दल कुरकुर नको, त्यामुळेच तो परवडतो. पण चार गोष्टींवर अडून बसा. एक, घटक बदलण्याचा हक्क: पचनीय प्रथिन, लायसिन, मेथिओनिन, फॉस्फरस यांच्या मर्यादा पाळून तुम्ही सूत्र बदललं तर परवाना आणि नाव दोन्ही टिकलं पाहिजे. दोन, त्या मर्यादा आणि घटकांचे पचनीयतेचे आकडे कराराला जोडलेले हवेत. संस्थेकडे ते नसतील तर तसं लेखी घ्या, आणि शुल्क त्या प्रमाणात कमी मागा. तीन, जॉब वर्कच्या मिलला तुमच्या वतीने माल काढायची मुभा. चार, तुमच्या पिंजऱ्यांतल्या नोंदी तुमच्या. संस्था त्या निबंधात वापरू शकते, दुसऱ्या परवानाधारकाच्या जाहिरातीत नाही. माझ्या ओळखीच्या एका गटाने हा मुद्दा सोडला होता. त्यांच्याच तळ्याचे फोटो नंतर शेजारच्या जिल्ह्यातल्या स्पर्धकाच्या पत्रकावर छापून आले.

पोत्यावर काय लिहायचं यासाठी भारतीय मानक आयएस १६१५० आहे, त्यात कार्प, कॅटफिश, कोळंबी असे वेगळे भाग आहेत. ते वाचा, पण मानक हे किमान असतं. ते पाळलं म्हणजे खाद्य चांगलं असं होत नाही.

राहिला अळ्यांचा प्रश्न. काळ्या सैनिक माशीच्या अळीचं पीठ हे चांगलं प्रथिन आहे, त्यात वाद नाही. पण ते स्पर्धा करतं मासळीच्या कुटीशी, सोयापेंडीशी नव्हे. तुमच्या २८/४ मध्ये कुटी नावालाच असते, तेव्हा तिला पर्याय शोधून वाचणार किती? फ्रान्सच्या 'इन्सेक्ट' कंपनीने किड्यांच्या प्रथिनासाठी ६० कोटी डॉलरच्या घरात भांडवल उभं केलं होतं, तिला २०२४ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाचं संरक्षण मागावं लागलं. तंत्र चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पशुखाद्याच्या भावात ते बसत नव्हतं. तुमच्याकडे भाजी मंडईचा कचरा फुकट येत असेल आणि कोणाला हौस असेल तर छोटं युनिट टाका, ताज्या अळ्या हॅचरीवाल्यांना आणि शोभिवंत मासे पाळणाऱ्यांना विका, तिथे किलोला भाव मिळतो. अळ्यांचा मोठा प्रकल्प विकायला येणाऱ्याला मात्र एवढंच विचारा की पचणाऱ्या प्रथिनाचा किलो कितीला पडतो आणि त्याच दिवशी लातूरच्या सोयापेंडीतून तो कितीला पडतो. त्याने कागदावर आकडा दिला, तर तो जॉब वर्कवाल्या मिलच्या पोषणतज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि मगच बैठक लावा.